समुद्राची आम्लता : अनेक शास्त्रांचा एक शोध

घाटकोपर स्टेशनाच्या पूर्वेस वस्ती ओलांडून, हमरस्ता मागें टाकून गेलें कीं तिवरांचें रान लागतें आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी पसरलेली दिसते. दिवसांतून दोनदां तिला भरती येते, दोनदां ओहोटी. घाटकोपरपासून कांजूर, भांडुप, मुलुंडपर्यंतच्या या किनाऱ्याला मिठागरांची जुनी परंपरा आहे. आगरांत राबणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्याची पारख डोळ्यांनींच होई; कोणत्या वाफ्यांतलें पाणी किती आटलें आणि मीठ धरण्याची वेळ केव्हां आली, हें तो पाण्याकडे पाहून सांगे. कोळ्याला भरतीची वेळ तिथीवरून कळे. परंतु याच पाण्याचा एक गुण असा आहे कीं, तो ना आगऱ्याच्या डोळ्याला दिसतो, ना कोळ्याच्या जिभेला कळतो. तो गुण म्हणजे पाण्याची आम्लता. गेल्या दोन शतकांत साऱ्या जगाच्या समुद्रांत हा गुण हळूहळू पालटत आला आहे. तो पालटत आहे हें ओळखण्यास कोणतेंहि एक शास्त्र पुरें पडलें नाहीं. रसायनज्ञ, जीवशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ, पदार्थविज्ञानवेत्ते, अशा अनेकांना एका जहाजावर चढावें लागलें, आणि एका जहाजावर चढल्यानंतरहि एकमेकांची भाषा समजण्यास त्यांना बराच काळ लागला.

विषय समजण्यासाठीं मोठ्या प्रयोगशाळेची जरूर नाहीं. पानाच्या डब्यांतला चुना पाण्यांत कालवून ठेवावा आणि वरचें स्वच्छ पाणी दुसऱ्या पेल्यांत ओतून घ्यावें. हीच चुन्याची निवळी. तींत नळीनें फुंकर घातली कीं ती दुधासारखी पांढरी होते. श्वासांतला कार्बन डायऑक्साइड, ज्याला कर्बवायु म्हणण्याचा प्रघात आहे, तो चुन्याशीं संयोग पावून खडूची भुकटी तयार होते. एवढें शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतें. परंतु बहुतेक विद्यार्थी येथेंच थांबतात. फुंकर तशीच चालू ठेवली तर कांहीं वेळानें पांढरेपणा नाहींसा होऊन पाणी पुन्हां स्वच्छ होऊं लागतें. अधिकाच्या कर्बवायूनें पाणी किंचित् आम्ल होतें आणि मघां तयार झालेला खडू त्यांत विरघळून जातो. पहिल्या फुंकरीनें चुना घट्ट होतो, पुढच्या फुंकरींनीं तोच चुना वितळतो. समुद्राच्या आम्लतेचें सारें रहस्य या पेल्यांत आहे.

समुद्रांत चुना विपुल आहे. मिठागरांत पाणी आटूं लागलें कीं मीठ अगोदर धरत नाहीं. प्रथम चुनखडी खालीं बसते, मागून जिप्सम, आणि त्यानंतर मीठ. हाच चुना तिसऱ्या, कालवें, शंख, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव पाण्यांतून उचलतात व त्याचीं घरें बांधतात. कोंकणपट्टींत शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे; म्हणजे कोंकणांतल्या कित्येक जुन्या भिंती एके काळीं समुद्रांतच विरघळलेल्या होत्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं! आतां हवेंतील कर्बवायु वाढला कीं त्याचा कांहीं भाग समुद्र शोषून घेतो. ही फुंकर फार मंद, परंतु अखंड असते. पाण्यांत कर्बवायु मुरला कीं शिंपला बांधण्यास लागणारें कार्बोनेट कमी होतें, आणि ज्याला घर बांधावयाचें त्या जीवाला तेंच काम अधिक कष्टाचें होतें.

आम्लता मोजण्याचें जें माप आज जगभर चालतें तें डेन्मार्कच्या सॉरेन्सन या रसायनज्ञानें १९०९ सालीं काढलें. त्याची प्रयोगशाळा कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याची होती. समुद्राची प्रकृति ज्या मापानें पाहिली जाते तें माप मद्याच्या भट्टीशेजारीं जन्मावें, हा योग गमतीचा खरा. या मापाला पी-एच् म्हणतात. सात हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. समुद्राचें पाणी यंत्रयुगाच्या आरंभीं ८.२ च्या आसपास होतें, आज तें ८.१ च्या जवळपास आहे. म्हणजे समुद्र अद्यापि अल्कच आहे. त्याचें पाणी कोणाला आंबट लागणार नाहीं. आम्लीभवन या शब्दानें केवळ त्याची दिशा सांगितली जाते. फरक अवघा एक दशांशाचा दिसतो, परंतु हें माप साध्या फूटपट्टीसारखें नाहीं. त्याची प्रत्येक पायरी दहापटीची असल्यामुळें या एक दशांशाचा अर्थ असा कीं, आम्लता देणारे हायड्रोजनचे कण सुमारें सव्वापट झाले आहेत.

शास्त्रें एकत्र आलीं कीं काय घडतें याचें पहिलें ठळक उदाहरण 'चॅलेंजर' जहाजाच्या प्रवासांत सांपडतें. १८७२ ते १८७६ या काळांत हें ब्रिटिश जहाज जगाचे समुद्र धुंडाळीत फिरलें. त्यावर जीवशास्त्रज्ञ होते आणि बुकानन नांवाचा एक रसायनज्ञहि होता. त्याआधीं कांहीं वर्षें, १८६८ मध्यें, हक्सले या विख्यात जीवशास्त्रज्ञानें समुद्रतळाच्या गाळाच्या जुन्या नमुन्यांत एक चिकट पदार्थ पाहून तो जीवसृष्टीचा आद्य अंकुर असल्याचें जाहीर केलें होतें व त्याला 'बॅथिबियस' असें भारदस्त नांवहि दिलें होतें. चॅलेंजरवरील मंडळींना ताज्या गाळांत हा आद्य जीव कांहीं केल्या दिसेना. तो दिसे फक्त मद्यार्कांत ठेवलेल्या बाटल्यांत. बुकाननने तो तपासला आणि निर्णय दिला कीं, हा जीव नव्हे. समुद्राच्या पाण्यांत मद्यार्क मिसळल्यानें खालीं बसलेलें हें जिप्सम आहे. हक्सलेने तो निर्णय मोकळ्या मनानें मान्य केला. शेजारच्या खोलींत रसायनज्ञ नसता तर हा खोटा जीव किती वर्षें जगला असता कोणास ठाऊक!

त्याच प्रवासांतून दुसरीहि एक गोष्ट निघाली. विशिष्ट खोलीपर्यंत समुद्रतळ सूक्ष्म जीवांच्या पांढऱ्या कवचांनीं भरलेला असतो. त्याहून अधिक खोल गेलें कीं कवचें नाहींशीं होतात आणि केवळ तांबूस चिखल उरतो. वरून कवचांचा पाऊस सर्वत्र सारखाच पडत असतां खालीं तीं जातात कोठें? खोल, थंड, कर्बवायूनें भारलेल्या पाण्यांत तीं विरघळतात. चुन्याच्या निवळींतली दुसरी फुंकर तेथें निसर्ग स्वतःच घालीत असतो. जहाजानें आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचें पृथक्करण डिट्मार या रसायनज्ञानें केलें व तें १८८४ सालीं प्रसिद्ध झालें. गाळाविषयींचा मरे व रेनार यांचा ग्रंथ १८९१ मध्यें निघाला. पाणी एका ग्रंथांत, गाळ दुसऱ्या ग्रंथांत आणि जीव उरलेल्या अनेक ग्रंथांत, अशी ही वांटणी झाली. एकत्र प्रवास करून आलेलीं शास्त्रें बंदरावर उतरतांच आपापल्या घरीं गेलीं, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ तीं बहुतांशीं आपापल्या घरींच राहिलीं.

त्या काळांत विद्वानांची अशी सार्वत्रिक समजूत होती कीं, कोळसा जाळून मनुष्य जो कर्बवायु हवेंत सोडतो तो समुद्र सहज गिळून टाकतो. या समजुतीला १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील रेव्हेल आणि स्यूस या दोघांनीं धक्का दिला. रेव्हेल हा भूशास्त्रांतून समुद्राकडे वळलेला, आणि स्यूस हा किरणोत्सारी कार्बनाचा जाणकार. जमिनींतल्या कोळशांत हा किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, म्हणून कोळशाचा धूर हवेंत मिसळला कीं हवेंतील त्याचें प्रमाण घटतें. त्या घटीवरून समुद्रानें किती वायु उचलला याचा अंदाज करतां येतो. त्यांना असें आढळलें कीं समुद्राची रासायनिक घडणच त्याचें तोंड आवळून धरते. हवेंतला कर्बवायु दहा टक्क्यांनीं वाढला तर वरच्या पाण्यांतला एकूण कर्ब जेमतेम एक टक्का वाढतो. पुढच्याच वर्षीं, १९५८ मध्यें, कीलिंग या रसायनज्ञानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेंतल्या कर्बवायूची अखंड मोजणी सुरू केली. त्या वेळीं दहा लाख भागांत सुमारें ३१५ भाग असलेलें हें प्रमाण आज ४२० च्या वर गेलें आहे.

मुंबईचा या इतिहासाशीं संबंध येतो तो अनपेक्षित दारानें. होमी भाभा यांनीं १९४५ मध्यें स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देवेंद्र लाल नांवाचे तरुण पदार्थविज्ञानवेत्ते विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. हे किरण अवकाशांतून येऊन वातावरणावर आदळतात, तेव्हां कांहीं किरणोत्सारी द्रव्यें अल्प प्रमाणांत जन्माला येतात. किरणोत्सारी सिलिकॉन हें त्यांपैकीं एक. पावसाबरोबर तें समुद्रांत उतरतें, आणि समुद्रांतले स्पंज आपल्या सांगाड्यासाठीं सिलिकॉन उचलतात. १९६० च्या सुमारास लाल यांनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांच्या साह्यानें स्पंजांत हें द्रव्य शोधून काढलें. पुढें पॅसिफिक महासागराच्या पाण्यांतहि तें मोजण्यांत आलें. या उद्योगाचा हेतु काय? खोलवरचें पाणी हवेपासून तुटून किती वर्षें झालीं हें त्यावरून कळावें. समुद्राच्या पोटांत बसविलेलें तें एक घड्याळच होय. आकाशाकडे पाहणारा शास्त्रज्ञ स्पंज हातीं धरतो आणि त्यावरून समुद्राचें वय काढतो, ही गोष्ट त्या काळीं पुष्कळांना विक्षिप्तपणाची वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु वर येणाऱ्या आम्ल पाण्यांतला किती वांटा निसर्गाचा आणि किती धुराचा, हा प्रश्न पुढें उभा राहिला तेव्हां अशीं घड्याळेंच कामास आलीं. लाल १९७२ मध्यें अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि ही परंपरा तिकडे वाढीस लागली.

अरबी समुद्राची शास्त्रीय ओळख त्याआधींच सुरू झाली होती. १९३३-३४ मध्यें 'मबाहिस' या इजिप्तच्या जहाजानें, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखालीं, या समुद्राची पाहणी केली. मधल्या खोलीवर प्राणवायूचा विलक्षण दुष्काळ असल्याचें तींत स्पष्ट झालें. हा दुष्काळ आणि आम्लता हीं एकाच घटनेचीं दोन अंगें आहेत. वरून खालीं पडणारा सेंद्रिय कचरा कुजतो तेव्हां तो प्राणवायु खातो आणि कर्बवायु बाहेर टाकतो. जेथें पहिला घटला तेथें दुसरा वाढलेला असावयाचाच. आज हें सांगणें सोपें आहे.

यानंतरची मोठी घटना म्हणजे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. सागरी संशोधनाच्या ज्या जागतिक समितीनें ती आंखली तिचे पहिले अध्यक्ष वर उल्लेखिलेले रेव्हेलच होते. मोहिमेचा काळ १९५९ ते १९६५. भारतीय नौदलाचें 'किस्तना' हें लढाऊ जहाज या कामीं देण्यांत आलें. भारतीय कार्यक्रमाचे सूत्रधार डॉ. एन्. के. पणिक्कर होते. त्यांचा स्वतःचा अभ्यास कोळंबीसारखे प्राणी खारें आणि गोडें पाणी कसें सोसतात, याविषयींचा. अर्थात् जीव आणि पाण्याचें रसायन यांच्या सीमेवरचा. सर्व राष्ट्रांच्या जहाजांनीं एकाच नमुन्याचें जाळें वापरावें असें ठरलें आणि गोळा झालेले सूक्ष्म जीव कोचीन येथील केंद्रांत निवडले गेले. जाळें एक असणें ही बाब क्षुल्लक वाटेल. तथापि माप एक नसलें कीं दहा देशांची मेहनत दहा वेगळ्या वह्यांत पडून राहते, आणि एका वहींतला आंकडा दुसऱ्या वहींतल्या आंकड्याशेजारीं ठेवतां येत नाहीं. या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पणिक्कर तिचे पहिले संचालक. संस्थेचें ठाणें पुढें गोव्यांत, दोना पावला येथें झालें, आणि मुंबईंत अंधेरीच्या बाजूस वर्सोव्याला तिचें प्रादेशिक केंद्र आलें. १९७६ मध्यें 'गवेषणी' आणि १९८३ मध्यें जर्मनींत बांधलेलें 'सागर कन्या' अशीं जहाजें संशोधनासाठीं मिळालीं.

गोव्यांतल्या या मंडळींनीं १९९० नंतरच्या दशकांत जें काम केलें तें या इतिहासांतलें सर्वांत उठावदार प्रकरण मानावयास हवें. समुद्रांतील कर्बाच्या फेऱ्याचा मागोवा घेणारी एक जागतिक योजना त्या वेळीं चालू होती. भारताचा भाग १९९२ ते १९९७ असा होता. १९९४ आणि १९९५ या सालांत 'सागर कन्या' निरनिराळ्या ऋतूंत अरबी समुद्रावर पाठविण्यांत आली: एकदां उन्हाळ्यांत, एकदां हिंवाळ्याच्या अखेरीस, आणि एकदां भर पावसाळ्यांत, जेव्हां मच्छीमार आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात.

सोडवावयाचें कोडें असें होतें. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तळचें पाणी वर येतें, त्याबरोबर खतासारखीं पोषक द्रव्यें येतात आणि सूक्ष्म वनस्पति फोफावतात, हें ठाऊक होतें. परंतु ईशान्य अरबी समुद्र हिंवाळ्यांतहि सुपीक असतो. तेव्हां तर तो वारा नसतो, आणि तळचें पाणीहि त्या रीतीनें वर येत नाहीं. मग हें पीक कशावर वाढतें? केवळ जीवशास्त्रज्ञाला विचारलें असतें तर त्यानें वनस्पति मोजून दिल्या असत्या. रसायनज्ञानें नायट्रेट मोजून दिलें असतें. उत्तर मिळालें तें तपमान मोजणाऱ्याच्या वहींतून. उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा समुद्राचा पृष्ठभाग थंड करतो. थंड झालेलें पाणी जड होऊन खालीं बुडतें, खालचें वर ढवळून येतें, आणि खत मिळतें. १९९६ मध्यें 'नेचर' या नियतकालिकांत हा उलगडा प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर सात नांवें आहेत. पहिले मधुप्रताप हे सूक्ष्म प्राण्यांचे अभ्यासक, दुसरे प्रसन्नकुमार हे समुद्राच्या भौतिकीचे, आणि दिलीपकुमार हे रसायनाचे. सूक्ष्म वनस्पति आणि जंतु यांचे जाणकारहि त्यांत होतेच. एकाच निबंधाखालीं इतक्या विद्यांनीं सह्या कराव्या, ही गोष्ट आपल्याकडे तरी नवी होती.

जें पाणी खत वर आणतें तेंच मुरलेला कर्बवायुहि वर आणतें. म्हणून याच जलपर्यटनांतून दुसरा निष्कर्ष निघाला. सरमा, दिलीपकुमार व जॉर्ज यांनीं १९९८ मध्यें दाखवून दिलें कीं, मध्य आणि पूर्व अरबी समुद्र बाराहि महिने हवेंतून कर्बवायु घेण्याऐवजीं हवेला तो देत असतो. वरवर पाहणाऱ्यास हें विपरीत वाटेल. जगाचे समुद्र वायु शोषीत आहेत म्हणून आम्ल होत आहेत, आणि हा समुद्र तर वायु सोडतो. मग त्याला भीति कसली? परंतु युक्तिवाद उलटा आहे. ज्या घरांत अगोदरच ओल आहे त्या घराला पाऊस अधिक बाधतो. अरबी समुद्राच्या पोटांतलें पाणी स्वभावतःच आम्लतेकडे झुकलेलें; धुराचा थोडा भार पडला तरी शिंपल्याच्या सहनशीलतेची मर्यादा तेथें लवकर गांठली जाते. स्वभाव किती आणि भार किती, हें निवडून काढणें मात्र कठीण, आणि तेथेंच भौतिकी, रसायन व जीवशास्त्र यांना एकमेकांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं.

या सुमारास जगांत इतरत्रहि विखुरलेले धागे जुळूं लागले होते. १९९९ मध्यें क्लेपास आणि सहकाऱ्यांनीं प्रवाळांसंबंधानें इशारा दिला. २००० मध्यें रीबेसेल आदींनीं सूक्ष्म वनस्पतींचीं चुन्याचीं कवचें वाढत्या कर्बवायूंत खुरटतात असें प्रयोगानें दाखविलें. २००३ मध्यें कॅल्डेरा व विकेट यांच्या अगदीं छोट्या लेखानें 'समुद्राचें आम्लीभवन' हा शब्द रूढ केला. २००४ मध्यें या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला भरली, आणि त्याच वर्षीं सेबिन व सहकाऱ्यांनीं हिशेब मांडला कीं १८०० ते १९९४ या काळांत समुद्रानें मनुष्याच्या उद्योगांतला सुमारें ११८ अब्ज टन कार्बन पोटांत घेतला आहे. २००५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचा अहवाल निघाला. रसायनज्ञांना ठाऊक असलेली गोष्ट जीवशास्त्रज्ञांच्या कानीं पडण्यास रेव्हेल-स्यूस यांच्यापासून जवळजवळ अर्धें शतक लागलें.

नंतर बाजारानेंच शास्त्रांना एकत्र बसविलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरिगॉन प्रांतांत, कालवांचीं पिलें तयार करणारा एक कारखाना आहे. २००७ च्या सुमारास तेथें पिलें लाखांनीं मरूं लागलीं. प्रथम रोगजंतूंवर संशय गेला. जंतु काढून टाकण्याची यंत्रें बसविलीं, तरी मरण थांबेना. शेवटीं समुद्राच्या रसायनाचे अभ्यासक आले आणि त्यांनीं वाऱ्याच्या नोंदी व पाण्याच्या नोंदी शेजारीं ठेवल्या. वारा विशिष्ट दिशेनें वाहूं लागला कीं तळचें आम्ल पाणी वर येई आणि तेंच नळानें हौदांत येई. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत पहिला शिंपला घडवावयाचा असतो, नेमक्या त्या वेळीं पाणी त्याला चुना घेऊं देत नसे. यावर उपाय अगदीं घरगुती निघाला: हौदांत सोडा मिसळावयाचा. याविषयींचा निबंध २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां लेखकांत पहिलें नांव कारखान्यांतल्याच माणसाचें होतें.

ऑरिगॉनचा तो वारा आणि कोंकणचा पावसाळा यांत साम्य आहे. गोव्याजवळ कांदोळीसमोर समुद्रांत एक ठराविक जागा निवडून १९९७ पासून पाण्याची नियमित मोजणी सुरू झाली. पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनांत, तळचें पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर सरकतें. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर झांकणासारखा बसलेला. खालीं प्राणवायु संपत जातो. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं 'नेचर'मध्यें याचें वर्णन केलें. त्या निबंधावर नार्वेकर, नाईक, डिसोझा हीं नांवें वाचून येथल्या वाचकाला समाधान वाटल्याशिवाय राहणार नाहीं. प्राणवायु संपलेल्या या पाण्यांत कर्बवायु सांठतो, आणि हें होतें तें नेमकें मच्छीमारीचा हंगाम उघडल्यावर. मालवणचे प्रवाळ, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रांत शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर असलेली आंग्र्यांच्या नांवाची प्रवाळांची उंचवटी, हीं याच किनाऱ्याचीं मुलें.

आम्लतेच्या मोजणींत मापाची एकवाक्यता हा जाळ्याच्या एकवाक्यतेहूनहि नाजूक प्रश्न ठरला. पी-एच् मोजण्याच्याच तीन निरनिराळ्या मोजपट्ट्या प्रचारांत होत्या, आणि त्यांतला परस्पर फरक शतकभराच्या बदलाएवढा असूं शके. अखेर कॅलिफोर्नियांतील अँड्र्यू डिक्सन या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेनें प्रमाणित समुद्रजलाच्या बाटल्या भरून जगभर धाडण्यास आरंभ केला. त्या बाटलीशीं आपलें यंत्र ताडून पाहावें आणि मगच आंकडा लिहावा, असा दंडक पडला. पुढें या मोजणीचें जें जागतिक जाळें उभें राहिलें त्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें 'गोआ-ऑन' अशीं येतात. गोव्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगितलेलें बरें.

आतां घाटकोपरच्या खाडीकडे यावयाचें. खुल्या समुद्रांतला नियम खाडीला जशाचा तसा लागू करतां येत नाहीं. येथें नगराचें सांडपाणी येतें. घाटकोपर व भांडुप येथील तलावांत हवा घालून तें कांहींसें शुद्ध करून खाडींत सोडण्याची व्यवस्था करण्यांत आली. जें सेंद्रिय द्रव्य उरतें तें कुजतें, प्राणवायु खातें आणि पाणी आम्लतेकडे झुकवितें. म्हणजे मौना लोआच्या हवेशीं संबंध नसतांनाहि खाडी स्वतःच्या कारणानें आम्ल होऊं शकते. उलट दुपारच्या उन्हांत शेवाळ कर्बवायु खातें तेव्हां तेंच पाणी अधिक अल्क होतें. तिवरांच्या चिखलांतून भरतीच्या पाण्याबरोबर कर्बहि बाहेर जातो आणि आम्लता मारणारीं द्रव्येंहि. पावसाळ्यांत गोडें पाणी येऊन चुन्याचें प्रमाणच उतरतें. इतक्या हातांनीं ओढल्या जाणाऱ्या दोरीवरून कोण किती ओढतो हें सांगावयाचें आहे.

या खाडीनेंहि शास्त्रांना एकत्र आणलें आहे. १९५६ मध्यें तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, आणि तेथल्या शास्त्रज्ञांनीं बंदराच्या पाण्यांत, गाळांत व जलचरांत किरणोत्सारी द्रव्यें कशीं पसरतात याची मोजणी हातीं घेतली. त्यासाठीं गाळ जाणणारा, मासे जाणणारा आणि भरतीचा ओघ जाणणारा, असे तिघेहि लागत. वर्सोव्याच्या केंद्रांत झिंगडे हे रसायनज्ञ आणि गोविंदन हे जीवशास्त्रज्ञ यांनीं मुंबईच्या किनारी पाण्याच्या आरोग्याचा आढावा दोघांनीं मिळून लिहिला. शासनानें २०१५ मध्यें या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ मध्यें त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादींत स्थान मिळालें. पक्षी पाहण्यास लोक येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पक्ष्याच्या पायाखालच्या चिखलांत तिसऱ्या आहेत, चिंबोऱ्या आहेत, निवट्या आहेत, आणि ओहोटीला चिखलांत उतरून तें सारें वेंचणाऱ्या कोळणीचा बाजार त्यांवर आहे. तिकडे पाहणारे थोडे.

येथें खरी अडचण आंकड्यांची आहे. महासागराचा दोनशे वर्षांतला बदल एक दशांशाचा. खाडीचें पाणी तेवढें तर एका दिवसांत खालीं-वर होतें. तेव्हां एखाद्या दुपारीं येऊन भरलेली एक बाटली कांहींच सांगत नाहीं. त्याच जागीं, त्याच खोलीवर, दिवसा आणि रात्रीं, भरतीला आणि ओहोटीला, वर्षानुवर्षें नमुने घ्यावे लागतात. प्रत्येकाबरोबर तपमान, खारटपणा, प्राणवायु आणि अल्कता यांची नोंद लागते, आणि चिखलांतल्या जीवांची गणतीहि त्याच दिवसाची लागते. निरनिराळ्या दिवसांचे नमुने समान बळाच्या भरती-ओहोटीचे मिळावे म्हणून रसायनज्ञाला होडी काढण्यापूर्वीं अमावास्या-पौर्णिमेचें उधाण कोणत्या दिवशीं आणि अष्टमीची भांगाची भरती कोणत्या दिवशीं, हें अगोदर पाहून ठेवावें लागतें. आणि त्यासाठीं तो अजूनहि कोळ्यालाच विचारतो.